तेरा नंबरचं पिंप

आमच्या धाकटीला सगळे नाकाडी म्हणायचे. नाक मोठं होतं म्हणून नव्हे, ते सगळीकडे खुपसायची म्हणून. सहा वर्षांची असताना डोळे मिटून, नुसत्या वासावरून ती सांगायची, आपण वाइनच्या कोणत्या टाकीपाशी उभे आहोत. मी तिचा थोरला भाऊ. ही पोरगी जरा जास्तच शहाणी आहे, असं मला कायम वाटायचं.

वाइन बनवणाऱ्या आमच्या घरात एक रीत होती. पिंपांतली वाइन मोठ्या टाकीत एकत्र करण्याआधी सगळ्यांनी चव घ्यायची, आणि सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं. म्हणजे मोठ्यांच्या धाकाने कुणी नुसती मान डोलावू नये. शेवटचा शब्द बाबांचा. त्या वर्षी नाकाडी एकोणीस वर्षांची होती. एरवी दोन शब्दांत उरकणारी ही बया प्रत्येक पिंपावर पाल्हाळ लावत होती. पिकलेलं जांभूळ काय, ओलं लाकूड काय, सगळं मोठ्याने! माझं डोकं उठलं.

"भाषण आवर," मी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

तेरा नंबरचं पिंप काकांच्या खास देखरेखीतलं. तिने काचेच्या नळीने ग्लासात थोडी वाइन घेतली, हुंगली, आणि वाइन टाकीत नेणाऱ्या पंपाचा पाइपच पिंपातून ओढून काढला.

"हे टाकीत जाणार नाही. नेलपॉलिशसारखा वास येतोय. याचं व्हिनेगर व्हायला लागलंय."

काका भडकले. "कालची पोर मला शिकवणार?"

आईला काही जाणवलं नाही. मलाही नाही, आणि मी तसं ठणकावून सांगितलं. पण तिचं खरं असेल आणि पिंप ओतलं, तर अख्ख्या वर्षाची वाइन नासणार होती. सगळे बाबांकडे बघू लागले.

बाबांनी ग्लास नाकाशी नेला. एकदा, दोनदा, तीनदा. मग तो खाली ठेवला.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "कशाचाच. थंडीत तो ताप आला होता ना, तेव्हापासून. ती म्हणते तेच. पिंप बाजूला काढा."

काकांचं तोंड एवढंसं झालं. महिन्याभराने त्यांनीच ते पिंप उघडलं आणि व्हिनेगरचा भपकारा येताच परत बंद केलं. मला मात्र तिथल्या तिथे कळलं, ती लांबलचक भाषणं कुणासाठी होती. बाबांना चारचौघांत निकाल देता यावा म्हणून ती त्यांचं नाक झाली होती, आणि मी तिला गप्प करत होतो. मला माझी लाज वाटली, आणि बहिणीचा अभिमान तर त्याहून जास्त वाटला.

बाबांनी तिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गेल्या महिन्यात. तुम्ही एका दमात चार पिंपांना छान म्हणालात."

"मग?"

"बाबा, तुम्ही आयुष्यात कधी कशाला छान म्हणालायत का?"

बाबा हसायला गेले आणि त्यांना रडूच फुटलं.