पऱ्यावरचे मेलेले मासे

पऱ्यावर, आमच्या वाडीच्या ओढ्यावर, जत्राच भरली होती म्हणा ना! कापलेलं भात शेतात आडवं, आणि अख्खी वाडी डोहाजवळच्या कातळावर. कुणी नारळ घेऊन, कुणी घरातलं आजारी माणूस घेऊन. मधोमध भगव्या लुंगीतले मत्स्येश महाराज, पुढ्यात दोन बादल्या.

"जीव म्हणजे काय? वारा!" महाराज गरजले. "मी सोडला की सुटतो, मी बोलावला की येतो! ह्रीं फट्!"

पऱ्यातले बोटभर मासे त्यांनी पहिल्या बादलीत टाकले आणि वर तांब्यातलं तीर्थ ओतलं. मासे गरगरले, उलटे झाले, निपचित पडले. वाडीतल्या गंगुबाईने एकाला चिमटा काढून पाहिला आणि ओरडली, "मेला गो बाय!" मग महाराजांनी ते दुसऱ्या बादलीत घातले आणि मंत्र सुरू केला. मंत्र कसला, सर्दी झालेल्या माणसाचं घोरणं! पण मासे हलले, सरळ झाले आणि सुळकन पोहायला लागले. लोकांनी कातळावर डोकी टेकली.

मी नम्रता, या वाडीची आशाताई, म्हणजे आरोग्यखात्याची आशा कार्यकर्ती. बाजूला उभी राहून दातओठ खात होते, कारण समोर गोधडीवर शिवा पडला होता. अंगात फणफणता ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे पिवळेजर्द. शेतातल्या पाण्यात राबणाऱ्याला असं झालं तर लेप्टो, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, असू शकतो, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला होता. त्याच्या बायकोला, चिमाला, मी सकाळपासून विनवत होते, दवाखान्यात चल म्हणून.

"मासे उठवतात ते माज्या घोवाला नाय उठवणार?" चिमा म्हणाली.

"अगं, उठवायला तो मेलाय का? जिता माणूस आहे, आजारी आहे!"

"म्हाराज बोललेत, सुई टोचली तर मंत्र बाटेल."

तेवढ्यात दर्शना आली. ती दापोलीला कॉलेजात शिकवते, ओढ्यांतले मासे मोजायचं तिचं काम. यंदा आमच्या पऱ्याची पाळी, म्हणून माझ्याच घरी उतरली होती. तिला बघून महाराजांचा मंत्र घशातच अडकला.

"काशीराम," ती म्हणाली, "गेल्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यात माझ्या बादल्या उचलत होतास. दाढी वाढवली म्हणून ओळखणार नाही होय मी?"

तिने तांब्या उचलून गंगुबाईच्या नाकाशी धरला.

"लवंग!" गंगुबाई म्हणाली.

"लवंगेचं तेल. आम्ही पऱ्याचा एक तुकडा वरून-खालून जाळी लावून बंद करतो, आतले मासे धरतो, कुठल्या जातीचे किती ते मोजतो. तडफडणारा मासा हातात राहत नाही, म्हणून हे तेल स्पिरिटमध्ये मिसळून थोडंसं पाण्यात टाकायचं. मासा गुंगतो, मरत नाही. मोजून झाला की साध्या पाण्यात सोडायचा, आपोआप शुद्धीवर येतो. ह्याला मीच हौसेने शिकवलं!"

आणि तिने सगळ्यांसमोर तसंच करून दाखवलं. मंत्र नाही, फुंकर नाही. मासे उलटे झाले, साध्या पाण्यात गेले, पोहायला लागले. काशीराम नारळांचं पोतं घेऊन केव्हाच पसार झाला होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय!

गंगुबाईने दर्शनाचे पाय धरले. "बाई, तुमची सिद्धी तर मंत्राशिवाय चालते!"

चिमा दर्शनाच्या बादलीत पेला बुडवत होती. "ताई, ह्यांच्या तोंडात तुमच्या हातानं दोन थेंब घाला."

"अहो, हे साधं पाणी आहे! तुमच्याच पऱ्याचं!" दर्शना रडकुंडीला आली.

"साध्या पान्यानं करता, तीच तर सिद्धी," गंगुबाई म्हणाली. लोकांनी माना डोलावल्या.

मी ओरडले, भांडले, चिमाच्या हाता-पाया पडले. शिवाला गाडीत घालेपर्यंत संध्याकाळ झाली. रत्नागिरीला डॉक्टरांनी सगळे उपाय केले, पण मूत्रपिंडं आधीच बंद पडली होती. दोन दिवस आधी यायला हवं होतं, म्हणाले. शिवा गेला.

तेराव्याला चिमाने मला उंबऱ्यावरच अडवलं. "म्हाराजांना पळवलात तुमी. ते असते तर उठवला असता." आतल्या बायकांचंही तेच मत होतं. दर्शना पऱ्यावर जाळी लावायला गेली की तिथे आधीच कुणीतरी नारळ ठेवलेला. शेवटी काम अर्धवट टाकून ती निघून गेली. काशीराम म्हणे आता दुसऱ्या तालुक्यात महाराज म्हणून बसतो.

आता भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. तरी वाचणाऱ्यांनो, एवढं ऐका. ते मासे मेलेच नव्हते, म्हणून पोहले. मेलेलं कुणी कुणाच्या मंत्राने उठत नाही. ताप अंगावर काढू नका, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मला शिव्या घाला, माझं तोंड बघू नका, पण माणूस जिवंत असताना गाडी बोलवा. शिवा त्या कातळावर बोलत होता हो, पाणी मागत होता.