रेघेबाहेरचा ठिपका

मी एक ठिपका बोलतोय. निळ्या शाईचा, मोहरीएवढा. हसू नका. एवढ्याशा जिवालाही मरणाची भीती वाटते.

छप्पन सालची सहामाही संपली, तेव्हा आष्टीच्या एका शाळेत प्रभाकरराव मास्तरांच्या टाकातून मी चौकटीच्या मोठ्या कागदावर उतरलो. आडव्या रेघेवर मुलाचं घर शाळेपासून किती मैल, उभ्या रेघेवर गणितात किती गुण. दहावीतल्या प्रत्येकाचा एक ठिपका. जवळच्या घरांचे ठिपके वर बसले, दूरच्यांचे खाली घसरत गेले, आणि मास्तरांनी त्यांच्यामधून एक उतरती रेघ ओढली.

"एक वाढलं की दुसरं कमी होतं, हा त्यांचा सहसंबंध," मास्तर वर्गाला म्हणाले. "पण एकामुळेच दुसरं होतं, असं हा कागद सांगत नाही. कारण आपण शोधायचं." पोरांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं!

मी मात्र त्या रेघेपासून फटकून वर होतो. घर सहा मैलांवर आणि गुण एक्याण्णव. मी इंदिरेचा ठिपका. तिच्या वडिलांचं, मोतीलालांचं, जंगलाकडच्या गावात किराण्याचं दुकान आहे.

शाळेच्या संस्थेत सदाशिवरावांचा शब्द चाले. त्यांनी भिंतीवर लावलेला आमचा तक्ता पाहिला आणि त्यांना आयतंच फावलं.

"दूरच्या पोरायपायी शाळेचा निकाल पडून राह्यला. हा पुरावाच झाला. जूनपासून तीन मैलांबाहेरचं एकबी पोरगं ठेवायचं नाई." मग त्यांचं बोट माझ्यावर आलं. "हा वरचा चुकला दिसते. पालकांच्या सभेआधी काढून टाका."

चूक नाही, असं मास्तर म्हणाले, पण फार हळू. त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती.

सभेच्या दिवशी त्यांनी दाढीचं पातं आणलं. शाई पुसली जात नाही, खरवडावी लागते. गार धार अंगाला लागली आणि मला कापरं भरलं. मी गेलो की इतक्या लांबून येऊनही कुणी शिकतं याची खूणच उरणार नव्हती, आणि इंदिरा घरी बसणार होती. माझी एक कड उडाली. मास्तरही माझ्याइतकेच भ्यालेले होते. तेवढ्यात पालक आत येऊ लागले आणि पातं खिशात गेलं.

सदाशिवरावांनी नियम वाचून दाखवला. मोतीलाल उठून तक्त्यापाशी आले.

"घरी बसवतो मंग पोरीले," ते पुटपुटले. माझ्या जिवाचं पाणी झालं. मग त्यांचे डोळे माझ्यावर थांबले. "हा अर्धा खरवडलेला कोणाचा होय?"

सदाशिवराव मास्तरांकडे डोळे वटारून पाहत होते.

"तुमच्या इंदिरेचा," मास्तर म्हणाले. "आणि तो बरोबर आहे."

"मंग त्याच्याखालचे हे चौघं? तेबी सहा मैलांवरचे, मंजे आमच्याच गावचे. ते खाली काऊन?"

दाराशी उभी असलेली इंदिरा म्हणाली, "बाबा, ते पायी येतात. पहिल्या तासाले झोपूनच जातात. मी तं आपल्या छकड्यात बसून येते, वाटेनं पाठ करते."

मोतीलालांनी मान खाली घातली. दुकानाचा माल न्यायला त्यांचा छकडा रोज आष्टीला येई, आणि येताना इंदिरेशिवाय रिकामाच असे.

"सदाशिवराव, नियम थांबवा," ते म्हणाले. "उद्यापासून चारी पोरं छकड्यात बसतीन."

वार्षिक परीक्षेचे गुण पाहूनच नियमाचं ठरवू, असं सदाशिवरावांना सगळ्यांसमोर म्हणावं लागलं. ती परीक्षा काल संपली. माझ्या शेजारी मास्तरांनी नवा कागद लावलाय. अजून कोरा आहे, आणि मला पुन्हा धडकी भरली आहे. या खेपेला माझ्यासाठी नाही, त्या चौघांसाठी. एवढ्या थोड्या महिन्यांत ते किती वर चढले असतील, कोण जाणे. तुम्ही तो तक्ता पाहायला याल, तेव्हा एवढं करा. रेघ मागाहून ओढा, आधी पोरांची नावं विचारा.