अहो, पोटातून!

निम्मी माणसं योगवर्गाला बाईंचा आवाज ऐकायलाच यायची. "खांदे सैल सोडा..." असं त्या म्हणाल्या की भले भले तापट लोक मऊ पडायचे. घरी मात्र तोच आवाज चढायचा. ओला टॉवेल पलंगावर दिसला की नवऱ्याची खरडपट्टी ठरलेली. तो हसून म्हणायचा, "सगळी शांती बाहेर वाटून आलीस वाटतं!"

तो गाड्यांना फवाऱ्याने रंग मारायचा. तीस वर्षं मारला, तोंडाला लावायचा मास्क खिशात ठेवून. निवृत्त झाला आणि जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं, "फुप्फुसं कडक झालीत. औषधाने त्रास कमी होईल, आजार जाणार नाही."

बाईंनी कंबर कसली. रोज सकाळी त्याला खिडकीशी बसवायचं. "दीर्घ श्वास घ्या. असा आखूड नको. अहो, पोटातून!" त्याला खोकल्याची उबळ आली की त्या वैतागायच्या. "तुम्ही मनापासून करतच नाही."

एके सकाळी त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. ओठ निळसर झाले होते.

"तुझा तो वर्गातला आवाज काढ ना."

"म्हणजे?"

"एकदा तुला न्यायला आलो होतो. दाराबाहेरून ऐकलं. वाटलं, ही बाई आपल्या घरी राहायला आली तर काय बहार होईल!"

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी प्रयत्न केला, पण आवाज खोटा निघाला.

"जमेल," तो म्हणाला. "घरात सवय नाही ना."

मग त्यांनी चुका काढणं सोडलं. शेजारी बसून, त्याचा हात हातात घेऊन हळूहळू बोलायच्या. कधी आवाज लागायचा, कधी नाही. धाप काही कमी झाली नाही, पण धाप लागली की त्याच्या डोळ्यांत दिसणारी भीती थोडी ओसरली. असे दोन महिने गेले.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "श्वास सोडा..." त्याने सोडला.

"आता घ्या."

त्याने घेतला नाही.

"घ्या," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. मग किंचाळल्या, "अहो, घ्या ना!"

वर्ग त्यांनी बंद केला. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "तुमची एवढी साधना, तुम्ही सावराल." बाई मान डोलवायच्या. त्यांना आठवायच्या त्या सगळ्या सकाळी, त्याच्यावर ओरडण्यात गेलेल्या.

मुलगी म्हणाली, "आई, थोडं ध्यानाला बस. बरं वाटेल."

बाई बसल्या. डोळे मिटले. आत अजिबात शांत नव्हतं. तरी त्या उठल्या नाहीत. उठून तरी कुणाचं काय करायचं होतं?