मावशीची मांडी

मावशी त्या गाडीत बसली नाही, उतरली. विहिरीत उतरावं तशी. आधी गाडीकडे पाठ केली, एक हात छपरावर, एक दाराच्या चौकटीवर, मग हळूहळू खाली, अजून खाली, आणि सीट सापडली तेव्हा तोंडातून "आलं बाई एकदाचं" निघालं. पाय सगळ्यात शेवटी आत घेतले. आधी डावा, मग उजवा, कारण उजवा गुडघा नवा होता.

"गुडघा पिळू नकोस, कंबर वळव," बिट्टी म्हणाली.

"गुडघा तू बसवलास, त्याची काळजी तू कर. मला माझं बूड सांभाळू दे."

बिट्टी मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून बिट्टी. आता कुठल्याही दारातून जाताना मान वाकवते, आणि हॉस्पिटलात लोक तिला भिऊन असतात. हाडांची डॉक्टर. आठ महिन्यांपूर्वी तिने मावशीचा गुडघा बदलला आणि पाच आठवड्यांपूर्वी ही गाडी आणली. पिकल्या लिंबाच्या रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला इतकी चिकटलेली की शेजारून मांजर गेलं तरी वर बघावं लागेल. समुद्राकाठच्या शहरात डॉक्टरांची परिषद होती. बाकीचे विमानाने गेले. बिट्टी म्हणाली, मी गाडीने जाणार, पाच दिवस, आणि सोबत मावशीच हवी.

"दोन्ही नव्या वस्तू एकदमच लांब पल्ल्याला काढतेस की गं," मावशी म्हणाली होती. पण बॅग त्याच संध्याकाळी भरली.

मावशीने एकतीस वर्षं गाडी चालवायला शिकवलं. एका खोलीचं ड्रायव्हिंग स्कूल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, आणि दारात एक चौकोनी गाडी, जिला सगळे डबी म्हणत. डबीचं मागचं दार दोरीने बांधलेलं असे आणि डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजे. सुरुवातीला पुरुषमंडळी यायची, बाई शिकवणार म्हटल्यावर "जरा विचार करून सांगतो" म्हणत परत जायची. विचार करून तीच मंडळी आपापल्या बायकांना पाठवायची, आणि बायका शिकल्या की मुकाट्याने स्वतः यायची. मावशी डाव्या सीटवर. तिच्याही पायाशी एक ब्रेक आणि एक क्लच. शिकणाऱ्याचं चुकलं की ती ओरडत नसे, नुसता पाय दाबी.

आणि ज्या दिवशी तिची खात्री पटे, त्या दिवशी ती चालत्या गाडीत चपला काढायची, दोन्ही पाय उचलायची आणि सीटवर मांडी घालून बसायची. बस्स. तोंडाने काही नाही. गावात लोक "पास झालास का?" असं विचारतच नसत. "मावशींनी मांडी घातली का?" असं विचारत.

बिट्टीसाठी ती मांडी कधी घातली गेली नाही. एकोणीस वर्षांची असताना तिने शेवटच्या दिवशी वळणावर ब्रेक उशिरा लावला, मावशीचा पाय खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी बिट्टी कॉलेजच्या गावी निघून गेली. परवाना मिळाला, पण मांडी राहिली. तेवीस वर्षं बिट्टी मावशीला हे ऐकवत होती.

पहिल्या दिवशी मावशीने गाडी नीट पाहून घेतली. इंजिन पाठीमागे, सामान पुढे. दोन छोट्या बॅगा आणि एक नॅपकिनची पिशवी एवढंच त्या पोटात मावलं. बिट्टीचे जादा बूट मावशीच्या पायाशी आले. क्लच नव्हताच.

"म्हणजे डावा पाय पेन्शनीत," मावशी म्हणाली.

"त्याला पेन्शन, तुला नाही. बटण दाबू का?"

बटण दाबलं, आणि दोघींच्या पाठीमागे काहीतरी जागं झालं. मावशीच्या मणक्यातून वर चढत मानेपर्यंत आलं. डबी सुरू व्हायची ती खोकून खोकून, शेजाऱ्यांना उठवून. हे इंजिन घसा साफ करून, सूर लावून, गप्प उभं राहिलं. मावशीने डोळे मिटले. असं इंजिन ज्याने बनवलं असेल त्याच्या हातांवर एकदा हात फिरवावा, असं तिला वाटलं. पण तोंडाने ती म्हणाली, "सूर बरा आहे."

गतिरोधक आला की एक वेगळं बटण होतं. ते दाबलं की गाडीचं नाक चार बोटं वर उचललं जाई. मावशीला त्याचं फार कौतुक. "परकर उचलून डबकं ओलांडणारी बाई जशी," ती म्हणाली, आणि पुढे प्रत्येक गतिरोधकाला बिट्टी म्हणू लागली, "परकर!" मावशी बटण दाबायची. तेवढं एकच काम तिच्याकडे होतं, पण ते तिने मन लावून केलं.

खड्डा मात्र गाडी लपवत नसे. एखादा खडा चाकाखाली आला तरी त्याची बातमी थेट कंबरेला. चहाला थांबलं की भोवती माणसं जमत. पेट्रोल भरणाऱ्या बाईने टाकीचं झाकण शोधत गाडीला पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "यात झोपून चालवतात का?" एका म्हातारबुवांनी काचेतून डोकावून मावशीला पाहिलं आणि बिट्टीला म्हणाले, "आजींना बरं नाही का? दवाखान्यात चाललात?"

"दवाखानाच मला घेऊन चाललाय," मावशी आतून म्हणाली.

हसत खेळत दोन दिवस गेले. पण मावशीच्या मनात एक गोष्ट होती, आणि सोमवारी निघाल्यापासून ती तिला टोचत होती. शुक्रवारी ती पंचाहत्तर पूर्ण करणार होती, आणि गुरुवारी तिच्या परवान्याची मुदत संपत होती. नवा काढायचा नाही असं तिनेच ठरवलं होतं, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. अंधार पडला की समोरचे दिवे आता तिला फुटलेल्या काचेसारखे दिसत. हेच दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर तिने त्याला सरळ सांगितलं असतं, बाबा रे, पुरे कर. मग स्वतःला सांगायला जीभ का अडखळावी? पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, दिवसाउजेडी, ही गाडी तिला हातात हवी होती.

आणि ती मागू शकत नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर, तक्त्याच्या खाली, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: गाडी आणि टूथब्रश कुणाचा मागू नये. एकतीस वर्षं सगळ्यांकडून पाठ करून घेतलेलं वाक्य. आपणच कसं मोडायचं?

बिट्टी आपणहून देईल, असं तिला वाटत होतं. सोमवारी वाटलं, मंगळवारी वाटलं. बुधवारी घाट लागला. उतारावर वळणामागून ट्रक आला, बिट्टीने अगदी वेळेवर, अगदी हलक्या पायाने वेग कमी केला, आणि मावशीचा उजवा पाय मात्र खाडकन समोर जाऊन बिट्टीच्या बुटांवर आदळला.

बिट्टीने डोळ्याच्या कडेने त्या पायाकडे पाहिलं. संध्याकाळी लॉजच्या खोलीत, पलंगावर बसून मावशी केस विंचरत असताना, ती हातात फोन घेऊन समोर उभी राहिली.

"मावशी, मी तुझा पाय बघतेय तीन दिवस. सारखा दाबतेस. तुला भीती वाटते गाडीची, आणि तू माझ्यासाठी सहन करतेस."

"मला? भीती?"

"लाजण्यासारखं काय आहे त्यात? गाडी आहेच तशी. आणि गुडघ्यालाही चांगलं नाही ते. उद्या सकाळी इथून रेल्वे आहे, खिडकीची जागा मिळतेय. परवा मी तुला तिकडे स्टेशनवर घ्यायला येते."

सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि सगळं सांगणं म्हणजे मागणंच. "बरं," मावशी म्हणाली, आणि गुंता नसलेल्या केसांतून फणी ओढत राहिली.

बिट्टी आंघोळीला गेल्यावर तिने पर्समधून परवाना काढला. फोटोतली बाई काळ्या केसांची, ओठ घट्ट मिटलेली. अशी बघत होती की जणू म्हणतेय, काय गं, गाडी म्हणजे काय खरंच टूथब्रश आहे?

गुरुवारी सकाळी लिंबाच्या रंगाची गाडी स्टेशनच्या आवारात उभी राहिली. हमाल, रिक्षावाले, तिकीट तपासनीस, सगळे बघायला वळले. बिट्टीने पुढचं पोट उघडून मावशीची बॅग काढली, दार उघडलं, हात पुढे केला.

मावशी हलली नाही.

"उतर ना."

"उतरते. पण फलाटावर नाही जायचं मला. त्या बाजूला जायचं आहे." तिने हनुवटीने स्टिअरिंगकडे दाखवलं. "बिट्टे, मी मागतेय. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची गाडी मागतेय. दे."

बिट्टी बॅग धरून तशीच उभी राहिली. "मग तो पाय?"

"अगं, एकतीस वर्षं मी डाव्या बाजूनेच गाडी चालवली. भीतीने नाही दाबत, तुझ्याबरोबर चालवतेय मी! तू वळण घेतेस तेव्हा मीही घेते. एकोणीसशे किलोमीटरचा रस्ता, तू एकदा चालवतेस, मी एकदा. फक्त माझ्या पायाखाली तुझे बूट आहेत."

"आणि मी वेडी," बिट्टी म्हणाली, "पहिल्या दिवसापासून तुला विचारणार होते. पाय बघितला आणि म्हटलं, हिला गाडी आवडलीच नाही, कशाला संकटात टाका."

"आवडली नाही? अगं, तिचा सूर ऐकून मला रडू येत होतं."

"तू म्हणालीस, बरा आहे!"

"मग? पहिल्या दिवशी कुणाची स्तुती करते का मी?"

बिट्टीने बॅग खाली ठेवली. मग एकदम तिचा चेहरा हॉस्पिटलातला झाला. ती दारापाशी फरशीवर उकिडवी बसली आणि तळहात मावशीच्या उजव्या पायापुढे धरला. "तपासल्याशिवाय नाही. दाब. जोरात. समोर माणूस आडवा आलाय असं समज."

मावशीने दाबला. बिट्टी, सहा फुटाला दोन इंच कमी, आवारातल्या सगळ्या हमालांसमोर मागे जाऊन बुडावर आपटली.

"गुडघा उत्तम बसलाय," ती खालूनच म्हणाली.

बॅग परत गाडीच्या पोटात गेली. स्टेशनच्या आवारातून बाहेर पडताना मावशीने नेहमीसारखेच तिन्ही आरसे लावले, मान दोन्हीकडे वळवली, आणि मग गाडी निघाली. गावात ती इतकी सावकाश चालवत होती की एक सायकलवाला मागे वळून बघत पुढे गेला. गाव संपलं. रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, सकाळचं स्वच्छ ऊन. मावशीने पाय थोडा दाबला.

किती गाड्या तिने हाताळल्या होत्या. जड स्टिअरिंगच्या, घसरट ब्रेकच्या, एकीचा तर चौथा गिअर हाताने धरून ठेवावा लागे. प्रत्येकीशी हुज्जत घालावी लागायची. ही हुज्जत घालत नव्हती. हिला वळण सांगायच्या आत कळत होतं. रस्त्याचा प्रत्येक कण स्टिअरिंगमधून बोटांत येत होता, आंधळ्याला ब्रेलची अक्षरं यावीत तसा. मागे इंजिन चढत चढत गेलं, वरच्या सुरावर पोचलं, आणि मावशीच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "वा गं माझी बाय!" मग तिने पाय हलका केला. एवढं पुरे. घोडी कितीही चांगली असली तरी रस्ता आपल्या बापाचा नसतो.

डाव्या बाजूला खुडबुड झाली. मावशीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बिट्टीने बूट काढले होते. लांबलचक पाय एकेक करून वर घेत, एक गुडघा दारावर, एक मधल्या कठड्यावर अडकवत, त्या अरुंद सीटवर ती मांडी घालून बसली होती.

मावशीला समोरचा रस्ता थोडा वेळ पाणावलेला दिसला, मग नीट दिसू लागला.

दुपारभर तिनेच चालवली. ऊन कललं, समोरून येणाऱ्या एका गाडीने दिवे लावले, तशी मावशीने कडेला घेतलं, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून जरा बसून राहिली. परवान्याचे अजून काही तास शिल्लक होते. तिला ते नको होते.

"घे," ती म्हणाली. "संध्याकाळ तुझी."

जागा बदलल्या. बिट्टीने गाडी रस्त्यावर घेतली. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. मावशीचा उजवा पाय बुटांशेजारी गप्प पडून होता. तिसऱ्या वळणानंतर तिने वाकून चपला काढल्या, डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि सीटवर घेतला. मग उजवा उचलायला गेली. तो अर्ध्यावर येऊन थांबला.

बिट्टीने रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "काय चाललंय?"

"एकच पाय वर येतोय. अर्धी पास धर."

"अर्धी? तेवीस वर्षांनी अर्धी?"

"मग काय करू? उरलेली अर्धी तुझ्याच गुडघ्यात अडकलीये, डॉक्टरीणबाई. लक्ष पुढे ठेव, गतिरोधक येतोय."

"परकर!" बिट्टी ओरडली, आणि मावशीने बटण दाबलं.