शनिवारी चावणारा फ्रिज

हिरामण वायरमनने टेस्टरचं टोक फ्रिजच्या मुठीला टेकवलं आणि आतला बारका दिवा लाल पेटला.

"पटलं आता?" सारामावशी दारातूनच म्हणाली. "माझा हात कोपरापर्यंत झिणझिणला."

काल, शुक्रवारी, याच मुठीला त्याने तीनदा टेस्टर लावला होता. दिवा पेटला नव्हता. उन्हाळा लागल्यापासून हेच चाललं होतं. अष्टमी गावातल्या या घरात फ्रिज सहा दिवस गाईसारखा गरीब. ज्यूंच्या शब्बाथला, चूलही न पेटवण्याच्या शनिवारी, मावशी आदल्या दिवशी रांधलेलं काढायला गेली, की चावायचा. फ्यूजही उडत नव्हता. देवाला आपलं इथे राहणं पसंत नाही, असं मावशीने ठरवून टाकलं होतं. मुलगा एलियाह इस्रायलहून बोलावतच होता. 'येते' एवढंच लिहिलेल्या पत्राचं पाकीट फ्रिजवर पडलं होतं, सोमवारी टपालात टाकायला.

"फ्रिजला काय कळतंय, आज शनवार हाय म्हणून?" शेजारची जनी हसली.

हिरामण थबकला. मग तडक परसात धावला. अर्थिंगची तार धुण्याच्या दगडाशी जमिनीत उतरली होती. शब्बाथ म्हणून आज धुणं नाही, भांडी नाहीत. वैशाखाच्या उन्हात तिथली माती तडकली होती.

"जने, इथं बादली ओत. सावकाश."

तो आत पळाला, टेस्टर मुठीला धरून उभा राहिला. बाहेर पाणी पडू लागलं. दिवा थरथरला, फिका झाला, विझला.

हिरामणने मांडीवर थाप मारली. आतल्या तारेचं आवरण विरलं होतं, थोडी वीज फ्रिजच्या अंगावर झिरपत होती. फ्यूज उडावा इतकी ती नव्हती. माती ओली असली की ती वीज जमिनीत जायची. माती सुकली की सगळा दाब फ्रिजच्या अंगावर. भराभर सांगता सांगता तो मध्येच थांबला. त्याने मेन स्विच पाडला.

"मावशी, यात देवाचं काय नाय. खणताना कातळ लागला म्हणून मीच अर्थिंगचा पत्रा वीतभर खाली पुरून मोकळा झालो. धुण्याच्या पाण्यावर निभत होतं."

"आनि ह्याला मी मिस्त्री म्हनते," जनी म्हणाली.

हिरामणने खाली मानेनेच सांगितलं, की तार आजच बदलतो. उद्या पहार आणून दुसरीकडे पुरुषभर खड्डा खणतो, कोळसा-मीठ घालून पत्रा नीट बसवतो.

"किती वर्षं टिकेल रे?" मावशीने विचारलं.

"वीस तरी."

"पुरेल मला."

तिने फ्रिजवरचं पाकीट उचललं आणि उद्याच्या चुलीसाठी रचलेल्या काटक्यांवर नेऊन ठेवलं.