बोलणी खाणारी करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. उभी केली तर चांगल्या उंच माणसाच्याही डोक्यावर हातभर जाईन. दोन टोकांना दोन मुठी आहेत आणि मधले नऊ दात पडलेले आहेत. सरोवराच्या काठी काझुंडू नावाचं गाव आहे, तिथल्या एका पडवीच्या भिंतीवर मी टांगलेली असते. आता माझ्याकडून कुणी लाकूड कापून घेत नाही. पण म्हणून मला बिचारी समजू नका. माझ्याइतकी बोलणी खाल्लेली करवत या साऱ्या किनाऱ्यावर शोधून सापडायची नाही, आणि ती बोलणी माझ्या वाट्याला आली याचेच मी रोज आभार मानते. ते कसं, हेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिल्यांदा आठवतो तो योतामु. तेव्हा तो विशीतला, नुकतं लग्न झालेला. बाजारगावच्या दुकानात त्याने मला हातात घेतलं, थोडं वाकवलं, कानाशी धरून सोडलं आणि माझा झंकार ऐकून म्हणाला, "ही गाते. हीच द्या." काझुंडूला गाडीरस्ता नाही, ओझं घेऊन होडीनेच जावं लागतं. सगळी वाट त्याने मला गोणपाटात गुंडाळून मांडीवर आडवं घेतलं. किनाऱ्यावर त्याची बायको न्यालोंग्वे उभी होती. ती म्हणाली, "मला आणलंत तेव्हा एवढं जपून नव्हतं आणलं तुम्ही!" त्या घरात मला मिळालेली ती पहिली बोलणी.

योतामुने डोंगराच्या पायथ्याशी एक खोल खड्डा खणला, वर गवताचं छप्पर घातलं. गाव त्याला थाटात 'लाकडाची गिरणी' म्हणायचं. खड्ड्यावर दोन वासे आडवे आणि त्यांच्यावर ओंडका. एक माणूस ओंडक्यावर उभा राहून मला वर उचलणार आणि रेघेवर धरणार, दुसरा खड्ड्यात उभा राहून मला खाली खेचणार. काप खेचताना पडतो, म्हणून भुसा सगळा खालच्याच्या डोक्यात. रेघ मारायची रीत अशी की टॉर्चचे संपलेले सेल फोडायचे, आतली काळी भुकटी पाण्यात कालवायची, त्यात सुतळी भिजवायची, ओंडक्यावर ताणून धरायची आणि टणकन सोडायची. ओंडक्याच्या वरही रेघ आणि खालीही रेघ. दोन्ही रेघा सांभाळल्या तर फळी सरळ निघते.

पहिली वीस वर्षं सरळ झाडांची होती. चर्चमधली बाकं, शाळेचं कपाट, निम्म्या गावाची दारं माझ्या दातांखालून गेली. लोक कापलेल्या फळीवरून हात फिरवायचे आणि "वा!" म्हणायचे. ती वाहवा योतामुची होती, पण मीही त्यातली थोडी घेत असे, कबूल करते. मग सरळ झाडं संपली. सरळ झाड आधी जातं, जगाची रीतच आहे ती. उरली ती कड्यावरची, वाऱ्याने वाकलेली. दुसरे कापणारे वैतागून धंदा सोडून गेले. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांचं झालं होतं. योतामु मात्र वाकड्या ओंडक्याभोवती तीनदा फिरायचा, त्याला पायाने लोटून कुशीवर वळवायचा आणि म्हणायचा, "ओंडका वाकडा नसतो. आपण त्याला वाकडा निजवतो." ज्या लाकडाचं लोकांनी सरपण केलं असतं, त्यातून तो सहा सहा फळ्या काढी.

खालचा जोडीदार गुडघ्यांनी थकला, तेव्हा योतामुला नवा माणूस हवा झाला. गावात तगडा आणि रिकामा असा एकच होता, चिमांगो. पण चिमांगो त्याचा जावई, लेक लुसुंगुचा नवरा. आणि इथे जावयाने सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. सासरा समोरून आला तर वाट सोडून गवतात उभं राहायचं. काही सांगायचंच असेल तर मध्ये तिसरा माणूस लागतो. असे दोघे दिवसभर एकत्र काम कसं करणार, म्हणून गाव हसलं. न्यालोंग्वेने मात्र डोकं चालवलं. "वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही," ती म्हणाली. "मध्ये एवढा मोठा ओंडका. यापेक्षा जास्त मर्यादा कुठल्या घरात पाळतात, सांगा!"

आणि खरंच जमलं. सहा वर्षं दोघे एक शब्द न बोलता माझ्या दोन मुठी धरून होते. चिमांगोची खेच लांब आणि एकसारखी होती. अशा दोन हातांच्या मध्ये असणं हे करवतीचं भाग्यच.

सातव्या वर्षी योतामुच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मला आपोआप कळलं, कारण मला रेघेवर ठेवताना त्याचा हात चाचपडायचा. ज्याला कळलं असा दुसरा माणूस चिमांगो. वरचा हात भरकटला की खालच्या रेघेवरून मी सुटते, ते त्याला दिसायचं. पण सासऱ्याला 'चुकलात' म्हणायचं तरी कसं? आणि मध्ये तिसरा माणूस आणायचा कुठून? एके सकाळी त्याने तो शोधून काढला. ती मी.

"ए करवती," खड्ड्यातून आवाज आला, "दारू ढोसून आलीस काय गं? रेघ सरोवराकडं अन् तू निघालीस डोंगराकडं!"

योतामु थांबला. मग त्याने मला हळूच सरोवराकडे वळवलं आणि वरून म्हणाला, "ऐकलंस ना? म्हातारी झालीस. चार शिव्या खाल्ल्याशिवाय सरळ चालायची नाहीस."

लेकी बोले सुने लागे, तसलाच हा प्रकार. त्या दिवसापासून माझ्यावर बोलण्यांचा पाऊस पडू लागला. मी आंधळी झाले, बहिरी झाले, आळशी झाले, सवतीच्या घरची झाले. योतामुही मला वरून दोन ऐकवायचा. पण प्रत्येक शिवीमागे फळी सरळ निघायची आणि म्हाताऱ्याची मान ताठ राहायची. एवढ्यासाठी मी जन्मभर बोलणी खायला तयार होते.

मग ते वर्ष आलं. 'म्वेरा' म्हणजे दक्षिणेकडून येणारा वारा. त्या हिवाळ्यात तो तीन दिवस सुटला आणि गावाची होडी खडकावर आपटून फुटली. उन्हाळाभर लोक कड्यावरच्या पायवाटेने गेले, पण पावसात ती वाट निसरडी होते, मग तिथून शेळीसुद्धा जात नाही. आणि लुसुंगु पोटुशी होती. तिचं पहिलं बाळंतपण घरीच अडलं होतं, मूल वाचलं नव्हतं. दवाखान्यातल्या बाईने बजावलं होतं, या खेपेला इकडेच यायचं. दवाखाना होता पाण्यापलीकडे. म्हणजे पावसाआधी होडी व्हायला हवी होती.

जंगल खात्याच्या साहेबाने एकाच झाडाची परवानगी दिली. ते झाड म्लोंबवाचं होतं, लाकूड तांबडं आणि टिकाऊ, पण मधोमध मोठी कमान. होडी बांधणाऱ्या कामांगाला अकरा हात लांबीच्या आठ अखंड फळ्या हव्या होत्या. चिमांगोने ओंडका पाहिला आणि पाठ फिरवून माझ्याशी बोलला, "करवती, कमानीपाशी दोन तुकडे केले तर सोपं जाईल, असं मला आपलं वाटतं."

"करवती," योतामु म्हणाला, "दोन तुकड्यांच्या होडीत आधी तूच बस म्हणावं त्याला."

त्याने ओंडका कमान वर करून निजवला. अशाने काप सरळ खाली उतरतो आणि प्रत्येक फळी कमानीसकट अखंड मिळते. होडीच्या कुशीला तसलीच बाकदार फळी लागते. हे फक्त योतामुला सुचलं. पण त्यात एक धोका होता. उंचवट्यावर वरच्या माणसाला पायही सांभाळावे लागतात आणि रेघही. तिथे दोन बोटं जरी चुकलं तर दोन फळ्या एकदम वाया. आणि दुसरं झाड मिळणार नव्हतं.

पहिले दोन काप माझ्या नावाने बोलणी ऐकत पार पडले. तिसऱ्या कापाला अर्धं गाव बघायला जमलं. कामांगा बुंध्यावर बसून शेंगा खात होता. खालून मला शिव्या पडताना ऐकून तो म्हणाला, "योतामुदादा, तुमची करवत लई वाया गेलेली दिसते!"

"करवतीला चष्मा लावा, चष्मा!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे खो खो हसले. माझ्या वरच्या मुठीवरचा हात एकदम कडक झाला. आपलं गुपित साऱ्या गावाला ठाऊक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. मला त्याची फार दया आली.

तो रागाने कापू लागला. उंचवटा आला. "करवती, सरोवराकडं!" खालून आवाज आला. योतामुने ऐकलं नाही. "करवती, ऐक जरा! अगं सरोवराकडं!" तो ऐकेना. माझी धार रेघेपासून अर्धं बोट सरकली, मग एक बोट. मित्रांनो, करवतीला आपणहून वळता येत नाही. मी दोघांच्या मध्ये होते आणि काही करू शकत नव्हते.

तेवढ्यात माझी खालची मूठ घट्ट धरली गेली. मला वर जाता येईना.

"बाबा, थांबा," चिमांगो म्हणाला. "रेघ सुटली."

कामांगाची शेंग हातातच राहिली.

"कोण बोललं?" योतामुने विचारलं.

"मी. चिमांगो. तुमच्याशी बोललो."

योतामु ओंडक्यावर बसला. आधी त्याने कापात बोट घातलं, मग रेघ जिथे असायला हवी तिथे चाचपलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला रेघ दिसतच नाही. मागच्या पावसापासून नाही. डोंगर दिसतो, सरोवर दिसतं, रेघ नाही." आणि शिडीला पाय लावून तो खड्ड्यात उतरला. चिमांगो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"वर जा," योतामु म्हणाला.

"तुमच्या डोक्यावर पाय देऊन उभा राहू? मेलो तरी नाही."

"आणि माझी पोरगी पलीकडं पोहत जाईल?"

चिमांगो हलेना. लोकांमध्ये कुजबूज सुरू झाली. तेव्हा न्यालोंग्वे पिठाने माखलेले हात झटकत पुढे आली आणि खड्ड्यात वाकून, जावयाकडे न बघता, बोलली. "रोज सकाळी कोंबडा आमच्या छपरावर चढतो अन् आम्ही खाली असतो. आजवर कुणाची अब्रू गेली नाही. तुझे पाय लाकडावर, लाकूड यांच्या डोक्यावर. बोललास त्याचा दंड म्हणून संध्याकाळी एक कोंबडी आणून दे, मग सासऱ्याशी हवं तेवढं बोल. आत्ता हात चालवा दोघंही, ढग बघा किती आलेत!"

चिमांगो वर आला. त्याने चपला काढल्या, पायाचे तळवे गवताने पुसले, आणि मगच ओंडक्यावर पाऊल ठेवलं. ते मी कधी विसरणार नाही.

योतामुने तीस वर्षांत पहिल्यांदा माझी खालची मूठ धरली. त्याच्या पांढऱ्या केसांवर तांबडा भुसा पडू लागला. रेघ त्याला दिसत नव्हती, पण माझा आवाज तो ओळखत होता. "घाई नको, चिमांगो," तो खालून सांगायचा. "एकदम वळवलीस तर अडकेल. दहा खेचींत बोटभर आण... आता मागं पाचर ठोक... आवाज बदलला बघ, गाठ आली, हलक्या हातानं..." मी हळूहळू रेघेवर परत आले. त्या गाठीवर माझे दोन दात तुटले, पण ओंडका वाचला.

सात फळ्या स्वच्छ निघाल्या. आठवीच्या अंगावर बोटभर नागमोडी वळण राहिलं, ती कामांगाने होडीत बसायला आडवी बसवली. होडी पाण्यात उतरली आणि चौथ्या दिवशी पाऊस आला. महिन्याभराने लुसुंगु त्याच फळीवर बसून पलीकडे गेली, आणि परतली ती मांडीवर मुलगी घेऊन. योतामु किनाऱ्यावर उभा होता. त्याने नातीचा चेहरा बोटांनी पाहिला.

पुढे गावात इंजिनाची करवत आली. ती माझं महिन्याचं काम दिवसात करते, तिचा मला राग नाही. मधली काही वर्षं मी कसाव्याचे कंद वाळवायच्या मचाणाखाली पडून होते. माझ्यावर गंज चढला, कोंबड्या बसायच्या. त्या दिवसांत मात्र वाईट वाटायचं. मग पुरता आंधळा झालेल्या योतामुने एकदा चाचपडत मला शोधलं आणि आपल्या चटईच्या वर, भिंतीवर टांगायला लावलं. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी चिमांगो माझ्या अंगावरून तेलाचा बोळा फिरवतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी म्हातारं हत्यार कोपऱ्यात पडलं असेल. त्याला वर्षातून एकदा तेल द्या. आता ते काय कामाचं, असं म्हणू नका. माझंच बघा. कोंबडीचा दंड भरून झाला त्याला कितीतरी वर्षं झाली, दोघांना आता समोरासमोर बोलायला कुणाची आडकाठी नाही. तरी रोज संध्याकाळी चिमांगो कामावरून येतो, पडवीच्या पायरीवर चपला काढतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "काय गं करवती, म्हातारा जेवला का नीट?"

आणि चटईवरून उत्तर येतं, "सांग त्याला, जेवला. त्याचीच वाट बघत बसलाय म्हणावं."