बुटकीच्या पोटातलं पाणी

ज्या वर्षी माझ्या भाचीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी आमची बुटकी तापायला लागली. बुटकी म्हणजे आमचा लहान ट्रॅक्टर. झाडांच्या दोन रांगांमधून, फांद्यांना डोकं न लावता निघून जाईल एवढीच उंची, म्हणून बुटकी.

त्या दिवशी जमीन अगदी हवी तशी होती. वरून सुकलेली, खाली ओल धरलेली. मूठभर माती दाबली की गोळा व्हायचा आणि बोटानं टोचला की फुटायचा. अशी माती फार थांबत नाही. वारा सुटला की तिची वीट होते. त्याआधी बागेतलं गवत उलटून पडायला हवं होतं. घुम्या सकाळीच बुटकी घेऊन गेला. मी घरामागं भांडी घासत होते. आधी इंजिनाचा आवाज जड झाला, मग फुस्स झालं, मग काहीच नाही.

"बसली!" खिडकीतून दादा ओरडला. "अरे ए घुम्या, झाकणाला हात लावू नकोस लगेच! तोंड भाजेल!"

बागेतून उत्तर आलं नाही. घुम्याचं उत्तर कधी यायचंच नाही, म्हणून तर तो घुम्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं.

दादा माझा थोरला भाऊ, घुम्याचा बाप. झाडावरून पडून खुबा मोडला, तेव्हापासून तो खिडकीला लावलेल्या खाटेवर होता. उठता येत नव्हतं, पण त्या खिडकीतून अख्खी बाग चालवायचा. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी नवऱ्यामागं माहेरी परत आलेली. दादाचं सगळं मीच करायची.

घुम्या आला तो बाह्या ओल्या, अंगाला वाफेचा वास.

"पाणी दे, आत्या."

"पाणी देशील गं नंतर," दादा खिडकीतून मला म्हणाला. "आधी विचार त्याला, जाळीतला भुसा काढला का?"

"काढला."

"पंख्याचा पट्टा?"

"ओढला."

"झाकणाचं रबर?"

"नवीन."

"मग तापते कशी?"

घुम्यानं माझ्या हातून बादली घेतली. "तुमच्यासारखीच आहे. तिलाच विचारा."

दादाला राग यायला हवा होता. तो हसला. "मग नाही सुधारायची," म्हणाला.

घुम्या नाही हसला. त्याला हसू येण्यासारखं काही नव्हतं. त्याची बायको शहरात दवाखान्यात नोकरीला, मुलगी तिथल्याच शाळेत. घुम्यालाही तिथं एका शीतगृहात काम मिळालं होतं. मालकानं जागा धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. इकडे दादाची एकच अट. बाग जावई बघेल, पण बुटकी त्याच्या हातात चालती देऊन जा. जावई म्हणजे त्या जुळ्यांचा बाप. त्यानंही स्वच्छ सांगितलं होतं, "घरात दोन रडतायत, तिसरं रडतं गाडगं माझ्या गळ्यात नको." म्हणजे बुटकी बरी झाली तर घुम्या सुटणार, नाहीतर नाही. आणि बुटकी रोज थोडी चालायची, रोज तापायची. परवाच सुनेचा फोन आला होता. त्या फोनचा आवाज मोठा, मी न ऐकायचं म्हटलं तरी ऐकू आलं. "या महिन्यात आलास तर ये. मी परत परत बोलावणार नाही." घुम्या नुसता "हं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवून बुटकीचं बॉनेट उघडायला गेला.

शेवटी फिटरला बोलावलं. आमचा फिटर कामाला चांगला, पण तोंडाला फार. शेडमध्ये पाय टाकायच्या आधीच निकाल द्यायचा.

"हेड गेलं," तो फटफटीवरूनच म्हणाला. "गॅस्केट फुटलं असणार. इंजिन उतरवावं लागेल."

"किती दिवस?" घुम्यानं विचारलं.

"सामान मिळण्यावर आहे. पुढचा महिना धर."

घुम्या नांगराच्या दांडीवर टेकला. मी म्हटलं, "अरे बाबा, आधी उघडून तरी बघ. का वासावरूनच सांगतोस?"

"मावशी, तुमचा विश्वासच नाही आमच्यावर."

"तोंडावर नाही. हातांवर आहे."

तो हसला आणि कामाला लागला. तेलाची कांडी ओढून बघितली. आत पाणी उतरलं असतं तर तेल दुधासारखं झालं असतं, म्हणाला. तेल काळंच होतं. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडातून आत डोकावला, बुडबुडे नव्हते. तसा त्याचा आवाज जरा खाली आला. तापमानाचा काटा तांबड्यात जायला लागला तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं, रेडिएटरच्या वरच्या अंगाला फडकं लावून हात ठेवला आणि झटकन काढला. मग खालच्या अंगाला हात लावला. तिथं हात तसाच राहिला.

"इकडं ये," तो घुम्याला म्हणाला. "वर भाजतंय. खाली हात लाव."

"गार आहे."

"म्हणजे वरचं पाणी खाली येतच नाहीये. वाटच बुजली आहे. मी हेच म्हणणार होतो."

"तू हेड म्हणालास," मी म्हटलं.

"हेडपासूनच सुरुवात करायची असते, मावशी."

थंड झाल्यावर त्यानं खालची रबरी नळी ओढून काढली. आतून पांढरं पुट निघालं, जाड, खडबडीत, चुन्याच्या पापुद्र्यासारखं. त्यानं नखानं एक कपचा उचकटला आणि माझ्या हातावर ठेवला. मला तो नवीन नव्हता. माझ्या चहाच्या किटलीच्या बुडाला तोच होता. दर आठवड्याला चमच्याच्या दांडीनं मी तो खरवडते.

"कुठलं पाणी घालता हिच्यात?" फिटरनं विचारलं.

घुम्यानं विहिरीकडं बघितलं.

पत्र्याखालचं पावसाचं पिंप धुण्याभांड्यापुरतं, बाकी त्या घरात एकच पाणी होतं. विहिरीचं. ती विहीर दादानं आणि वहिनीनं मिळून खणली. तो खाली कुदळ मारायचा, ती वर दोरानं मातीची घमेली ओढायची. तिच्या तळहातांना त्या दोराचे वळ शेवटपर्यंत होते. पाणी लागलं तेव्हा दादानं पहिली ओंजळ तिला दिली. तेव्हापासून माणसं, झाडं, गुरं, बुटकी, सगळ्यांना तेच. सुनेनं एकदा म्हटलं होतं, पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. दादा तिच्याशी पुढं किती तरी दिवस बोलला नाही.

"धुऊन देतो," फिटर म्हणाला. "पण पुन्हा तेच पाणी घातलंत तर वर्षभरात हेच. पत्र्याखालच्या पिंपात पावसाचं साठवता ना? ते घाला. विहिरीचा थेंब नको."

तो रेडिएटर घेऊन गेला. घुम्या शेडच्या दारात उभा राहिला. मी म्हटलं, "दादाला नको सांगू. आपण गुपचूप पावसाचं घालू."

"मी गेल्यावर?"

घुम्या गेल्यावर दादा खिडकीतून ओरडणार, जावयाला विहिरीचं घालायला लावणार, जावई घालणार. बुटकी पुन्हा तापणार आणि पुन्हा घुम्याला हाक जाणार. सांगितलं तर बाप तुटणार, नाही सांगितलं तर दोर आहे तसाच गळ्यात.

"कपचा दे," घुम्या म्हणाला.

मी मागोमाग गेले. तो खाटेशी उभा राहिला आणि दादाच्या पांघरुणावर तो पांढरा कपचा ठेवला.

"काय हे?"

"बुटकीच्या पोटात होतं. विहिरीच्या पाण्याचं."

दादानं तो उचलला, उजेडात धरला. "विहिरीचं कशावरून? फिटरनं सांगितलं?"

"मी सांगतोय."

"तुला जायचंय, म्हणून विहिरीला नावं ठेवतोस." दादाचा आवाज चढला. "अरे, तुझ्या आईनं—"

"आईनं ओढली माती, माहीत आहे मला." घुम्या एवढं बोललेलं मी त्याच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. "तिनं पाणी काढलं, ते जड लागलं. त्यात तिची चूक नाही, तुमची नाही. पण ते इंजिनाला चालत नाही. आणि तुम्ही ते घालत राहिलात, की मी इथंच राहतो. मला इथंच ठेवायचं असेल तर तसं सरळ म्हणा. बुटकीच्या आडून नको."

दादानं मान खिडकीकडं वळवली. बाहेर अर्धी बाग नांगरलेली, अर्धी तशीच. वारा सुटला होता. मला उगाच वाटलं की आता हा खाट मोडून उठणार. घुम्या बाहेर गेल्यावरही कपचा दादाच्या मुठीत होता. जेवायला बसवलं तेव्हा डाव्या हातानं जेवला.

दुसऱ्या दिवशी फिटर रेडिएटर घेऊन आला तो तोंड पाडून. "मावशी, एक घोटाळा झाला. पुट काढलं तर रेडिएटर गळायला लागला. बारीक बारीक भोकं. ती त्या पुटानंच बुजलेली होती. ज्यानं गळा दाबला होता, त्यानंच धरून ठेवलं होतं."

हे ऐकून घुम्या हसला. मोठ्यानं, पोट धरून. फिटरला वाटलं आपलीच थट्टा चालली आहे. "हसायला काय झालं? डाख देतोय ना मी!"

"दे," घुम्या डोळे पुसत म्हणाला. "सगळीकडं दे."

शेडमध्येच चूल पेटवून फिटरनं एकेक भोक कथलाचा डाख देऊन बुजवलं. फुंकर मारून, पाण्यात बुडवून बघितलं. रेडिएटर चढवला, नळी नवी लावली. मी पिंपातलं पावसाचं पाणी कापडातून गाळून आणलं. तेवढ्यात खिडकीतून हाक आली.

"धाकटे! तिच्यात काय घालताय?"

सगळे थांबले. मी हातात घागर घेऊन उभी.

"पावसाचं," मी म्हटलं.

आतून खाट करकरली. मग म्हणाला, "नीट गाळून घाल. पिंपात पानं असतात."

बुटकी त्या दिवशी ऊन कलेपर्यंत चालली. जमीन वरून कडक व्हायला लागली होती, पण ओल अजून गेली नव्हती. काटा अर्ध्यावर यायचा आणि तिथंच थांबायचा. मी दर रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहायची, घुम्या मान हलवायचा आणि पुढं निघायचा. शेवटची रांग उलटली तेव्हा त्यानं बुटकी थेट खिडकीखाली आणली आणि चालूच ठेवली. दादा डोळे मिटून आवाज ऐकत होता.

घुम्यानं इंजिन बंद केलं, आत आला आणि किल्ली खाटेवर ठेवली. दादानं किल्ली नाही घेतली. त्याचं मनगट धरलं. हाताला जोर उरला नव्हता, पण सोडेना. घुम्याही ओढेना. मला वाटलं, राहिला हा. आता काही जात नाही.

"जावयाला सांगून ठेव," दादा म्हणाला. "पिंपातलंच. नाहीतर तो येडा काहीही घालेल."

"सांगितलंय."

"मग काय उभा आहेस? शेवटची बस जाईल."

त्यानं हात सोडला. घुम्या बाहेर पडला तेव्हा मी भाकरी बांधून द्यायचीही विसरले. तो महिना संपायला अजून थोडे दिवस होते.

त्या संध्याकाळी मी दादाला प्यायला पिंपातलं पाणी नेलं. त्यानं एक घोट घेतला आणि पेला परत दिला. "हे बुटकीला," म्हणाला. "मला माझं आण." मी विहिरीवर गेले. पुढंही रोज गेले. डॉक्टरनं दोनदा सांगितलं, पाणी बदला. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर.

त्या वर्षी झाडांना चांगला फुलोरा आला. जावई बुटकी चालवायचा, ती तापली नाही. एका मंगळवारी सकाळी दादानं पाणी मागितलं. पिंपही भरलेलं होतं, विहीरही. मी विहिरीचं आणलं. तो अर्धा पेला प्यायला. त्याच मंगळवारी, ऊन खिडकीत यायच्या आत, माझा थोरला भाऊ वारला.